हाताची हालचाल आणि तिचा अर्थ : लिनक्सवरील त्रिमितीय इनपुट साधनांची समीक्षा

प्रस्तावना

माउस टेबलावर सरकतो आणि पडद्यावरील बाण त्याच्यामागे सरकतो. या व्यवहारात दिशा दोनच असतात आणि पडदाही सपाट असतो. त्यामुळे हाताच्या हालचालीचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. त्रिमितीय वस्तूच्या बाबतीत ही सोय संपते. एखादा यंत्रभाग, रेणूची रचना किंवा इमारतीचे प्रारूप हाताळावयाचे तर सरकण्याच्या तीन आणि वळण्याच्या तीन अशा सहा हालचाली लागतात. सहा अक्षांचे त्रिमितीय इनपुट साधन या सर्व हालचाली एकाच टोपीवर घेते. ही टोपी ढकलता, ओढता, उचलता, दाबता, कलवता आणि पिळता येते. डाव्या हाताने वस्तू फिरवीत राहावे आणि त्याच वेळी उजव्या हातातील माउसने तिच्यावर काम करावे, ही या साधनाची खरी उपयुक्तता होय.

अशा साधनाविषयी लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये सर्वसाधारणपणे एकच प्रश्न विचारला जातो : ते लिनक्सवर चालते का? हा प्रश्न अपुरा आहे. साधन यूएसबीला जोडताच लिनक्सचा कर्नल त्याला ओळखतो, त्याचे सहा अक्ष वाचतो आणि आकडे पुढे पाठवतो. त्या अर्थाने ते पहिल्या दिवसापासून चालते. अडचण त्यानंतर सुरू होते. सहा आकडे हाती आले, पण त्यांचा अर्थ काय? टोपी उजवीकडे ढकलली म्हणजे वस्तू उजवीकडे न्यावयाची की पाहणाऱ्याचा डोळा? किती वेगाने? आणि हात सोडल्यावर थांबावयाचे हे कोणी कोणास सांगावयाचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या आधारे लिनक्सवरील त्रिमितीय साधनांच्या व्यवस्थेची, विशेषतः फ्री स्पेसनॅव्ह या मुक्तस्रोत प्रकल्पाची, चिकित्सा केली आहे.

साधनाची पूर्वपीठिका

या साधनांचा जन्म कार्यालयीन संगणकासाठी झालेला नाही. जर्मन अंतराळ संशोधन संस्थेत गेर्ड हिर्झिंगर यांच्या गटाने यंत्रमानवाचा हात दुरून चालविण्यासाठी सहा अक्षांचे नियंत्रक विकसित केले. १९९३ साली कोलंबिया या अंतराळयानावरील स्पेसलॅब डी-२ मोहिमेत रोटेक्स नावाचा प्रयोग झाला. त्यात यानातील यंत्रहात अंतराळवीरांनी आणि पृथ्वीवरील नियंत्रकांनी, असा दोघांनीही चालविला. संदेश जाऊन येण्यास काही सेकंदांचा विलंब होत असतानाही पृथ्वीवरून चाललेल्या त्या हाताने तरंगती वस्तू पकडली. याच संशोधनातून पुढे आलेले साधन स्पेसमाउस आणि मॅगेलन या नावांनी बाजारात आले. टोपीचे विस्थापन त्यात प्रकाशाच्या साहाय्याने, म्हणजे डायोड आणि प्रकाशसंवेदक यांच्या जोडणीने, मोजले जाते. दुसरी परंपरा स्पेसबॉलची. त्यात चेंडू जवळजवळ हलतच नाही, त्यावर पडणारा जोर मोजला जातो. या दोन्ही परंपरा २००१ साली लॉजिटेकच्या छत्राखाली थ्रीडीकनेक्शन या कंपनीत एकत्र आल्या. २००६ मध्ये आलेल्या स्पेसनॅव्हिगेटर या तुलनेने स्वस्त साधनामुळे ही वस्तू कारखान्यांच्या आरेखन विभागाबाहेर पडून विद्यार्थी आणि हौशी वापरकर्ते यांच्या टेबलावर पोहोचली.

येथे एक सैद्धांतिक मुद्दा ध्यानात घेणे अगत्याचे आहे. शुमिन झाई यांनी टोरांटो विद्यापीठातील १९९५ च्या आपल्या प्रबंधात सहा अक्षांच्या नियंत्रणाचा अभ्यास केला. मुक्तपणे हलणारे साधन स्थाननियंत्रणास अनुकूल असते आणि स्वतःहून मध्यावर परतणारे किंवा न हलणारे साधन वेगनियंत्रणास अनुकूल असते, हे त्यांच्या विवेचनाचे एक महत्त्वाचे सूत्र आहे. माउस पहिल्या जातीचा. जेवढा हात सरकला तेवढा बाण सरकला, हात थांबला की बाण थांबला. स्पेसनॅव्हिगेटर दुसऱ्या जातीचा. टोपी फार तर काही मिलिमीटर हलते आणि हलवून धरून ठेवली तर वस्तू फिरतच राहते. टोपीचे विस्थापन म्हणजे वस्तूचा वेग. हे समीकरण मनात ठेवले नाही तर पुढील तांत्रिक घोटाळा केवळ प्रोग्रामरचा गलथानपणा वाटेल.

सापेक्ष की निरपेक्ष?

यूएसबीवरील प्रत्येक इनपुट साधन संगणकाला आपली ओळख करून देताना एक वर्णनपत्र सादर करते. आपण कोणते अक्ष पाठवणार, ते किती बिटांचे आहेत, त्यांची किमान-कमाल मूल्ये कोणती, आणि हे मूल्य सापेक्ष समजावे की निरपेक्ष, ही सर्व माहिती त्यात असते. माउस सापेक्ष मूल्ये पाठवतो, म्हणजे मागच्या वेळेपासून किती सरकलो ते सांगतो. चित्रफलकाची लेखणी निरपेक्ष मूल्य पाठवते, म्हणजे फलकावर नेमकी कोठे आहे ते सांगते. स्पेसनॅव्हिगेटरची टोपी मध्यापासून किती हलली हे मूल्य प्रत्येक दिशेस सुमारे ३५० पर्यंत जाते आणि ते अर्थातच निरपेक्ष आहे. तरीही या साधनाचे वर्णनपत्र ते सापेक्ष असल्याचे सांगत असे.

लिनक्सच्या कर्नलमध्ये लॉजिटेकच्या साधनांसाठी जो ड्रायव्हर आहे त्यात याचा इलाज आढळतो. वर्णनपत्रातील दोन ठराविक जागी ०६ हा षोडशमान अंक आहे किंवा नाही हे तो तपासतो आणि असल्यास तेथे ०२ लिहितो. पहिल्या अंकाचा अर्थ सापेक्ष, दुसऱ्याचा निरपेक्ष. दुरुस्ती दोन बाइटांची आहे आणि ती करताना आपण काय केले याची नोंदही ड्रायव्हर कर्नलच्या नोंदवहीत करतो. उत्पादकाने साधनाविषयी केलेले विधान चुकीचे ठरवून ते सर्वांसमक्ष सुधारण्याचा हा प्रकार आहे. बंदिस्त ड्रायव्हरमध्येही अशा दुरुस्त्या होतच असतील, पण तेथे त्या वापरकर्त्याच्या दृष्टीस पडत नाहीत.

ही दुरुस्ती शब्दच्छल नव्हे. लिनक्सची इनपुट व्यवस्था सापेक्ष अक्षावर आलेले शून्य पुढे पाठवत नाही. माउसच्या बाबतीत ते योग्यच आहे. शून्य सरकणे म्हणजे न सरकणे, त्याची वर्दी कशाला द्यावयाची? परंतु मध्यावर परतणाऱ्या टोपीसाठी शून्य हीच सर्वांत महत्त्वाची वर्दी असते. हात सोडला, आता थांबा, असे ते शून्य सांगते. ते वाटेतच गळले तर शेवटचे मूल्य धरून बसलेला प्रोग्राम वस्तू फिरवीतच राहतो. उलट निरपेक्ष अक्षावर त्याच त्या मूल्याची पुनरुक्ती गाळली जाते. टोपी एकाच स्थितीत स्थिर धरून ठेवली तर नवी घटना येत नाही आणि घटना येईल तेव्हाच वस्तू हलवणारा प्रोग्राम मध्येच थबकतो. म्हणजे सापेक्ष मानावे तर थांबणे हरवते आणि निरपेक्ष मानावे तर चालू राहणे हरवते. दुसरे संकट सौम्य आहे, कारण शेवटचे मूल्य लक्षात ठेवून पुढे चालणे प्रोग्रामच्या हाती असते. म्हणून कर्नलची निवड योग्य ठरते. तथापि यातून एक गोष्ट स्पष्ट होते. झाई ज्याला वेगनियंत्रण म्हणतात त्यासाठी या दोन कोटींमध्ये स्वतंत्र जागाच नाही. संगणकाच्या इनपुट व्यवस्थेचे व्याकरण माउस आणि लेखणी यांच्यासाठी रचले गेले आणि तिसरा पाहुणा त्यात कसाबसा बसविला गेला.

स्पेसनॅव्हडी : कार्य आणि मर्म

कर्नलने दिलेले आकडे त्रिमितीय प्रोग्रामपर्यंत नेण्याचे काम पूर्वी थ्रीडीकनेक्शनचा स्वतःचा बंदिस्त ड्रायव्हर करीत असे. जॉन त्सिओम्बिकास यांनी सुरू केलेल्या फ्री स्पेसनॅव्ह प्रकल्पाने त्याला मुक्त पर्याय दिला. या प्रकल्पाचे दोन प्रमुख भाग आहेत. पार्श्वभूमीवर चालणारा स्पेसनॅव्हडी हा सेवा-प्रोग्राम साधन वाचतो. लिबस्पनॅव्ह हे छोटे ग्रंथालय इतर प्रोग्रामांना त्याच्याशी बोलण्याची सोय करून देते.

प्रकल्पाचे मर्म त्याच्या एका निर्णयात आहे. नवा संवादसंकेत तर त्याने रचलाच, पण जुन्या बंदिस्त ड्रायव्हरचा एक्स विंडो प्रणालीवरील संकेतही जसाच्या तसा उचलला. परिणामी मूळ ड्रायव्हर गृहीत धरून लिहिलेले व्यावसायिक प्रोग्राम, ज्यांच्या संहितेला कोणी हात लावू शकत नव्हते, तेही या मुक्त पर्यायाशी बोलू लागले. दुसऱ्याच्या घराचे कुलूप न तोडता त्याच मापाची किल्ली घडवावी तसे हे झाले. परवान्यांची निवडही विचारपूर्वक केलेली दिसते. स्पेसनॅव्हडी जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे, तर लिबस्पनॅव्ह बीएसडी परवान्याखाली. सेवा-प्रोग्राम मुक्तच राहावा, परंतु त्याच्याशी जोडून घेण्यास बंदिस्त प्रोग्रामलाही आडकाठी नसावी, असा त्याचा अर्थ. जेथे सर्व पक्षांनी एकच संकेत मानणे हे साध्य असते तेथे हा उदारपणा आवश्यकच असतो. ब्लेंडरसारखा मुक्त प्रोग्राम लिनक्सवर याच ग्रंथालयाच्या आधारे ही साधने वापरतो. फ्रीकॅडमध्येही त्याचा आधार घेतलेला आहे.

तितकेच मोल जुन्या साधनांच्या बाबतीतील कामाचे आहे. यूएसबी येण्यापूर्वीचे, सिरियल पोर्टवर चालणारे मॅगेलन आणि स्पेसबॉल हेही स्पेसनॅव्हडी वाचतो. विक्री थांबलेल्या वस्तूसाठी नवा ड्रायव्हर लिहिण्यात उत्पादकाचा व्यापारी लाभ नसतो. परंतु वस्तू तर धडधाकट असते. नव्वदच्या दशकात मोठी किंमत मोजून घेतलेले साधन, त्याची टोपी अजून मध्यावर नीट परतत असताना, केवळ ड्रायव्हरअभावी अडगळीत जाणे ही आपल्याकडील प्रयोगशाळांनाही अपरिचित नसलेली गोष्ट आहे. येथे साधनाचे आयुष्य कंपनीच्या विक्रीधोरणापासून सुटे झाले. या प्रकल्पाची ही सर्वांत मोठी कमाई मानावी लागेल.

उणिवांचा विचार

गुणगौरव येथे थांबवून उणिवांकडे वळणे प्राप्त आहे. स्पेसनॅव्हडीच्या मांडणीनुसार हाताच्या सवयींविषयीचे निर्णय एका मांडणी-फाइलमध्ये साठविले जातात. संवेदनशीलता किती, मध्याभोवतीचा मृत पट्टा केवढा, कोणता अक्ष उलटा मानावयाचा, हे सर्व त्यात येते. ही फाइल संपूर्ण यंत्रणेसाठी एकच असते. एका व्यक्तीच्या संगणकावर त्याने काही बिघडत नाही. परंतु जेथे एका यंत्रावर दिवसभरात दहा विद्यार्थी बसतात अशा प्रयोगशाळेत एकाने आपल्या हाताला मानवेल असा वेग ठरविला की तो उरलेल्या नऊ जणांवर लादला जातो. प्रोग्रामला स्वतःपुरती संवेदनशीलता बदलता येते, पण तो उपाय प्रोग्रामचा आहे, माणसाचा नव्हे. लिनक्स ही मुळात अनेक वापरकर्त्यांची प्रणाली असताना हाताची सवय मात्र यंत्राच्या नावे नोंदविली जावी, हे विसंगत आहे.

याच फाइलमधील एक पर्याय विशेष बोलका आहे. वाय आणि झेड या अक्षांची अदलाबदल करण्याचा तो पर्याय होय. वर कोणती दिशा, यावर त्रिमितीय प्रोग्रामांचे एकमत नाही. ब्लेंडर आणि फ्रीकॅड झेड अक्ष उभा मानतात. माया या प्रोग्राममध्ये मुळात वाय अक्ष उभा असतो. कागदावर आरेखन करणाऱ्याच्या दृष्टीने जमीन म्हणजे कागद आणि उंची कागदाबाहेर. पडद्याकडे पाहणाऱ्याच्या दृष्टीने पडदाच उभा, म्हणून उंची पडद्यावर. दोन्ही दृष्टी सयुक्तिक आहेत. परंतु हा भेद प्रोग्रामागणिक बदलतो, माणसागणिक किंवा यंत्रागणिक नव्हे. तो संपूर्ण यंत्रणेसाठी एकदाच ठरविण्याची सोय म्हणजे रोग एका जागी आणि लेप दुसऱ्या जागी असा प्रकार आहे.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. सेवा-प्रोग्राम जोडलेल्या सर्व प्रोग्रामांना घटना कळवतो. त्या वेळी वापरकर्ता कोणत्या खिडकीत काम करीत आहे हे पाहण्याची जबाबदारी प्रोग्रामवर राहते. दोन प्रोग्राम उघडे असतील आणि त्यांपैकी एकाने ही काळजी घेतली नसेल, तर समोरचा यंत्रभाग फिरवताना मागच्या खिडकीतील प्रारूपही निमूटपणे फिरून बसते. माउस आणि कळफलक यांच्या घटना कोणाकडे जाव्यात हे खिडक्यांची व्यवस्था पाहणारा प्रोग्राम ठरवतो. त्रिमितीय साधन त्या व्यवस्थेच्या बाहेरच राहिले. इतकेच नव्हे, तर ते त्या व्यवस्थेच्या हाती लागू नये म्हणून त्याचा ताबा एकट्याकडे घेण्याची तरतूद स्पेसनॅव्हडीला करावी लागली. अन्यथा टोपी हलविताच पडद्यावरील बाण पळू लागण्याचा धोका असतो. साधनाला माउस समजले जाऊ नये एवढी दक्षता घेतली गेली, पण मग ते काय समजावे याचे उत्तर डेस्कटॉप व्यवस्थेकडून आले नाही. एक्स विंडो प्रणालीची जागा वेलँड घेत असताना तर ज्या जुन्या संकेतामुळे बंदिस्त प्रोग्राम चालत होते त्याचाच पाया खचतो. प्रकल्पाचा स्वतःचा संकेत एक्सवर अवलंबून नाही, ही त्यातील दूरदृष्टी. परंतु कोणती खिडकी समोर आहे हा प्रश्न वेलँडवरही अनुत्तरितच राहतो.

ग्रंथालयाच्या पोटात गेलेला अर्थ

टोपी उजवीकडे ढकलली म्हणजे काय, या आरंभीच्या प्रश्नाकडे आता परत जाता येईल. वस्तू हातात धरली आहे असे मानले तर ती उजवीकडे जाते. डोळा हातात आहे असे मानले तर डोळा उजवीकडे जातो आणि वस्तू डावीकडे सरकल्यासारखी दिसते. ब्लेंडरने २.६ या मालिकेपासून हा निर्णय आपल्या मांडणीत वापरकर्त्यासमोर ठेवला. क्षितिज स्थिर ठेवावे की नाही, उडताना हेलिकॉप्टरप्रमाणे उंची राखावी की नाही, असे पर्यायही त्यात आहेत. लिबस्पनॅव्ह केवळ सहा आकडे देते आणि बाकी सर्व प्रोग्रामवर सोपवते. त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामकर्त्याला दृष्टीचे गणित स्वतः मांडावे लागते. ज्याने ते नीट मांडले त्याच्याकडे हात सुखावतो, ज्याने नाही त्याच्याकडे साधन महाग खेळणे ठरते.

उत्पादकाने या अडचणीवर काढलेला तोडगा नॅव्हलिब हा आहे. त्यात प्रोग्राम आपल्या दृश्याची माहिती ग्रंथालयाच्या हवाली करतो आणि दृष्टी कशी हलवावी याचा हिशेब ग्रंथालयच करते. सर्व प्रोग्रामांत हालचालीचा एकच अनुभव मिळतो, हा याचा लाभ निर्विवाद आहे. परंतु त्यासोबत हालचालीचा अर्थ प्रोग्रामच्या संहितेतून उठून बंदिस्त ग्रंथालयाच्या पोटात जातो. किकॅड या मुक्त मंडल-आरेखन प्रोग्रामचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. विंडोज आणि मॅकओएस यांच्यासाठी तो नॅव्हलिबचा आधार घेतो, लिनक्ससाठी लिबस्पनॅव्हचा. एकाच प्रोग्रामात, एकाच साधनासाठी, अर्थनिर्णयाच्या दोन व्यवस्था नांदतात. एकीत हिशेब तयार मिळतो पण वाचता येत नाही. दुसरीत वाचता येतो पण स्वतः करावा लागतो. फ्री स्पेसनॅव्हने केवळ आकडे पोहोचविण्यावर समाधान मानले, त्यावर दृष्टीच्या हालचालीचे सामायिक आणि मुक्त ग्रंथालय उभारले नाही, ही त्या प्रकल्पाची खरी मर्यादा म्हणावी लागेल. स्वयंसेवी मनुष्यबळाचा विचार करता ती क्षम्य आहे, पण मर्यादा ती आहेच.

यंत्रमानवशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या आरओएस या मुक्त व्यवस्थेत मात्र वेगळे चित्र दिसते. तेथील स्पेसनॅव्ह नोड लिबस्पनॅव्हकडून तेच सहा आकडे घेतो आणि रेषीय व कोनीय वेग वाहून नेणाऱ्या ठरलेल्या संदेशात ते बसवून पुढे पाठवतो. आकडे म्हणजे वेग, हे संदेशाच्या प्रकारातच लिहिलेले असते. वस्तू की डोळा हा वादही उद्भवत नाही, कारण दुसऱ्या टोकाला खरा यंत्रहात असतो. ज्या कामासाठी हे साधन जन्मले त्याच कामी ते मुक्तस्रोत व्यवस्थेतून परतले आहे. याच नोडमध्ये एक छोटी तरतूदही आढळते. ठराविक वेळा विचारणा करूनही मूल्ये ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेली नाहीत, तर साधन स्थिर आहे असे मानून सहाही आकडे शून्य करावेत, अशी ती तरतूद आहे. पडद्यावरील यंत्रभाग हात सोडल्यानंतर थोडा अधिक फिरला तर तो पुन्हा जागेवर आणता येतो. टेबलापलीकडे हलणाऱ्या पोलादी हाताबाबत ते शून्य वेळेवरच यावे लागते.